एका घरातील तीन कंठ

भावाबहिणींनी एकत्र गावे यात नवल ते काय, असे कोणी सहज म्हणेल. ज्या घरात सायंप्रार्थना संपल्यावर एखादे गीत म्हटले जाते, त्या घरात आईच्या सुरामागून मुलांचे सूर आपोआप येतात. कोणी वरचा सूर धरावा आणि कोणी खालचा, हे तेथे कोणास शिकवावे लागत नाही. परंतु ओसरीवर गाणे निराळे आणि जगापुढे गाणे निराळे. जगापुढे गेले म्हणजे नाव येते, पैसा येतो, आणि या दोहोंच्या पाठोपाठ “यात मोठा वाटा कोणाचा?” हा प्रश्नही येतो. भल्याभल्या भावंडांचा सूर या एका प्रश्नापाशी बिघडला आहे. म्हणून आजच्या सदरात, ज्यांनी हा सूर बिघडू दिला नाही अशा तीन भावंडांची हकीगत वाचकांपुढे ठेवीत आहे.

अमेरिकेतील आर्कन्सॉ या दक्षिणेकडील राज्यात दाट रानांचा मुलूख आहे. तेथे स्पार्कमन या लहानशा गावाच्या परिसरात ब्राउन नावाचे कुटुंब राहत असे. बाप फ्लॉइड शेती करी आणि लाकडाच्या वखारीचा धंदा पाही. रानात लाकूडतोडीच्या कामी झालेल्या अपघातात त्याने एक पाय गमावला होता. आई बर्डी घर सांभाळी. १९३१ साली जन्मलेली मॅक्सिन ही थोरली. तिच्या पाठचा जिम एड १९३४ सालचा आणि धाकटी बॉनी १९३८ सालची. त्या काळी खेड्यापाड्यांत करमणूक म्हणजे रेडिओ. नॅशव्हिल शहरातून शनिवारी रात्री ‘ग्रँड ओल ऑप्री’ हा लोकसंगीताचा कार्यक्रम प्रक्षेपित होई, आणि तो ऐकण्यासाठी गावेच्या गावे रेडिओभोवती गोळा होत. या मुलांचे संगीतविद्यालय म्हणावयाचे तर तेच.

पुढे जिम एड आणि मॅक्सिन ही दोघे जोडीने गाऊ लागली. दोघांनी मिळून रचलेले एक खेळकर युगुलगीत १९५४ साली ध्वनिमुद्रित झाले आणि ग्रामीण संगीताच्या क्रमवारीत पहिल्या दहांत जाऊन बसले. १९५५ साली बॉनी त्यांना येऊन मिळाली आणि दोहोंचे तीन झाले. गाणी गाजत होती, गावोगावचे दौरे चालले होते. पण पहिल्या करारापायी हाती पैसा मात्र फारसा पडत नसे. मॅक्सिनने २००५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींच्या पुस्तकात या दिवसांचे मोकळेपणाने वर्णन केले आहे. अखेर १९५६ साली आर. सी. ए. व्हिक्टर या मोठ्या कंपनीशी त्यांचा संबंध जुळला, आणि चेट अ‍ॅट्किन्स यांच्यासारखा जाणता गिटारवादक त्यांना मार्गदर्शक म्हणून लाभला. मध्यंतरी जिम एडला लष्करी सेवेसाठी जावे लागले. तेव्हा नॉर्मा नावाची दुसरी बहीण त्याच्या जागी उभी राहिली. वाचकहो, हे येथे मुद्दाम सांगितले; कारण एकाची जागा रिकामी पडताच दुसऱ्याने न बोलता ती भरून काढणे ही कुटुंबाचीच रीत होय.

आता या तिघांच्या गाण्यात असे काय होते, ते पाहू. आपल्याकडील संगीतात एका वेळी एकच स्वर चालतो; पाश्चात्त्य गायनात तीनचार स्वर एकाच वेळी निघतात आणि परस्परांत मिसळतात. यास स्वरमेळ म्हणावे. एकाने षड्ज धरला, दुसऱ्याने गंधार आणि तिसऱ्याने पंचम, की जो संयुक्त नाद उमटतो तो तिघांपैकी कोणा एकाचा नसतो. यात एक मौज आहे. षड्जाच्या चार कंपनांस पाच असे ज्याचे प्रमाण, तो गंधार खरा शुद्ध. पंचमाचे प्रमाण तिनास दोन. पण पियानोचे किंवा बाजाच्या पेटीचे स्वर आधीच बसविलेले असतात, आणि सर्व पट्ट्यांत वाजविता यावे म्हणून त्यांतील गंधार शुद्धाहून किंचित चढाच ठेवलेला असतो. मनुष्याच्या गळ्यास असे बंधन नाही. शेजारच्याचा सूर ऐकून आपला सूर केसभर खाली घ्यावा, केसभर वर न्यावा, हे गळा करू शकतो. मात्र त्यासाठी कान शेजाऱ्याकडे लागलेला हवा. सूर अचूक जुळला की त्यातील थरथर नाहीशी होते आणि नाद एखाद्या घंटेसारखा स्थिर व निर्मळ होतो.

हे काम भावंडांना सोपे जाते, याचे कारण उघड आहे. त्यांच्या गळ्याची आणि टाळूची ठेवण एकाच मायबापांकडून आलेली असते. त्यांचे शब्दोच्चार एकाच चुलीपाशी घडलेले असतात. एकाचा ‘आ’ पसरट आणि दुसऱ्याचा गोल, असा भेद तेथे नसतो. श्वास कोठे तुटणार, हेही एकमेकांस आधीच ठाऊक असते. इंग्रजी मुलखात या गुणास ‘रक्ताचा स्वरमेळ’ असेच म्हणतात. तथापि रक्त हे केवळ भांडवल होय; ते व्यापारात घालण्याचे कष्ट ज्याचे त्यानेच करावे लागतात. ब्राउन भावंडांचे आवाज इतके एकजीव झाले होते की जिम एडचा सखल, मऊ आवाज कोठे संपतो आणि बहिणींचे आवाज कोठे सुरू होतात, हे ऐकणाऱ्यास सांगता येत नसे.

आणि तरीही १९५९ साल उजाडले तेव्हा ही मंडळी गाणे सोडण्याच्या बेतात होती. सततच्या प्रवासाने जीव शिणला होता, प्राप्ती बेताची होती आणि घरची ओढ लागली होती. जाता जाता आपल्या आवडीचे एक गाणे तेवढे मुद्रित करावे, असे त्यांनी ठरविले. ते गाणे म्हणजे ‘द थ्री बेल्स’, अर्थात तीन घंटा.

या गाण्याचा प्रवास मोठा लांबचा आहे. स्वित्झर्लंडचे गायक-कवी जाँ व्हिलार यांनी ते मूळ फ्रेंच भाषेत रचले. १९४६ साली एदित पियाफ ही विख्यात गायिका आणि ‘ले कॉम्पान्यों द ला शांसों’ हे गायकमंडळ यांनी ते युरोपभर गाजविले. बर्ट राइसफेल्ड यांनी त्यास इंग्रजी शब्द दिले. कथा अगदी साधी आहे. डोंगरांच्या कुशीत एक गाव आहे. तेथे एक बालक जन्मास येते आणि त्याच्या नावाने चर्चची घंटा वाजते. ते वाढते, विवाहबद्ध होते, घंटा पुन्हा वाजते. आणि एके दिवशी तो मनुष्य इहलोक सोडून जातो, तेव्हा तिसऱ्यांदा घंटा वाजते. तिन्ही प्रसंगी सारे गाव त्याच्यासाठी प्रार्थना करते. बस्स, इतकेच. योगायोग असा, की इंग्रजी गाण्यातील त्या मनुष्याचे आडनावही ब्राउनच आहे, आणि ते या भावंडांनी गाण्यास हात लावण्यापूर्वीपासूनचे आहे.

निरोपाचे म्हणून गायलेले हे गाणे त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठे गाणे ठरले. अमेरिकेतील ग्रामीण संगीताच्या क्रमवारीत ते दहा आठवडे पहिल्या स्थानी राहिले आणि शहरी लोकप्रिय संगीताच्या क्रमवारीतही चार आठवडे अग्रस्थानी होते. तबकड्यांचा खप दहा लाखांच्या वर गेला. त्या काळी ग्रामीण गाणे ऐकणारे निराळे आणि शहरी गाणे ऐकणारे निराळे, अशी जणू दोन आळ्यांची वस्ती होती. अ‍ॅट्किन्स यांनी खेड्यातील फिडलचा कर्कश थाट बाजूस सारून मृदू पार्श्वसंगीत योजिले. कथा मात्र लोकगीताची राहिली, आवाज गावाकडचे राहिले. लोकगीत, ग्रामगीत आणि शहरी गीत या तिन्ही प्रवाहांचा असा संगम झाला आणि गाणे सोडावयास निघालेली मंडळी पुन्हा रस्त्यास लागली. त्याच वर्षी ‘स्कार्लेट रिबन्स’ आणि १९६० साली ‘द ओल्ड लॅम्पलायटर’ ही गाणी अशाच रीतीने दोन्ही आळ्यांत पोहोचली. १९६३ साली, लहानपणी ज्या ‘ग्रँड ओल ऑप्री’साठी रेडिओला कान लावीत, त्याच कार्यक्रमाची ती सभासद झाली.

परंतु या हकीगतीतील मोलाचा भाग माझ्या मते पुढेच आहे. १९६७ साली, नाव असताना, मागणी असताना, तिघांनी एकत्र गाणे थांबविले. बहिणींना आपापल्या घरी मुलाबाळांत राहावयाचे होते. जिम एड एकटा गात राहिला आणि त्यासही मोठे यश आले. यातून वैर उत्पन्न झाले नाही. पुढेही प्रसंगपरत्वे तिघे एकत्र उभे राहून गात. ज्याला थांबावयाचे आहे त्याला थांबू देणे आणि ज्याला गावयाचे आहे त्याला गाऊ देणे, हाही एक स्वरमेळच होय. आणि तो व्यासपीठावरील स्वरमेळाहून कठीण आहे.

२०१५ साली तिघांची निवड ग्रामीण संगीताच्या सन्मानमंदिरात झाली. जिम एड तेव्हा फुप्फुसाच्या कर्करोगाने अंथरुणास खिळला होता. सोहळा ऑक्टोबरात व्हावयाचा होता. पण तोवर त्याचा धीर निघणार नाही हे ओळखून जून महिन्यात इस्पितळातच त्याच्या गळ्यात सन्मानाचे पदक घालण्यात आले. ११ जून रोजी त्याने देह ठेवला. ऑक्टोबरातील सोहळ्यास दोघी बहिणी तेवढ्या उरल्या होत्या. २०१६ साली बॉनी त्याच रोगाने गेली आणि २०१९ साली मॅक्सिन. सर्वांत थोरली ती सर्वांत शेवटी गेली. तीन सुरांतून एक गेला म्हणजे दोन तृतीयांश गाणे उरते, असे नाही. उरते ते निराळेच काही असते. ज्या घरातून एक भावंड उठून गेले आहे, त्या घरातील मंडळींस हे अधिक फोडून सांगावयास नको.

आपल्या वाचकांस स्वरमेळ परका नाही. गोव्यात धर्मग्रामांच्या शाळांतून मेस्त लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकविले. त्यातूनच मांडो हा दोन सुरांनी जोडीने चालणारा गीतप्रकार घरोघरी रुजला. चर्चच्या माडीवरून गाणाऱ्या मंडळीत सख्खी आणि चुलत भावंडे असतातच. तेथेही कधी कधी एखादा रुसून बसतो, कारण वरचा सूर दुसऱ्यास मिळाला. अशा वेळी आईबापांनी एक गोष्ट समजावून द्यावी. मधला सूर काढून टाका, गाणे लगेच पोकळ होते. ऐकणाऱ्यास काय गेले ते सांगता येत नाही, पण काही तरी गेले हे त्यास तत्काळ कळते. ज्याचा आवाज वेगळा ऐकू येत नाही, त्याचे काम व्यर्थ नाही. किंबहुना, तो वेगळा ऐकू येत नाही हेच त्याचे काम.

गाण्यातील त्या गावाने एका साध्या मनुष्यासाठी तीनदा घंटा वाजविली. त्याने काही मोठे केले होते म्हणून नव्हे, तर तो त्यांच्यातला होता म्हणून. मुलांनो, आज रात्री जेवणे आटोपल्यावर भावाबहिणींनी एकत्र बसावे, सर्वांना येते असे एक गीत निवडावे आणि गाताना कान स्वतःच्या आवाजाकडे न ठेवता शेजारी बसलेल्याच्या आवाजाकडे ठेवावा. पहिल्या दिवशी जमणार नाही. आठ दिवस करून पाहावे.