कात्री म्हणजे काळजी नव्हे

रविवारी सकाळी पुण्यातल्या टेकड्यांवर किंवा बाणेर-बालेवाडीच्या कॅफेंबाहेर हल्ली एक दृश्य अधूनमधून दिसतं. खांद्यावर पिवळा-केशरी सन कॉनूर घेतलेला एखादा तरुण, भोवती चार-सहा मोबाइल, आणि त्यातल्या कुणाचा तरी हमखास प्रश्न: "उडून नाही का जात?" उत्तर ठरलेलं असतं. "नाही हो, पंख कापलेत." सूर असा, की जणू इन्शुरन्स काढलाय.

मला या उत्तराशी भांडायचं आहे.

पाळलेल्या पोपटाला बाहेर न्यावं का, यावर वाद होऊ शकतो. पण न्यायचं ठरलं, तर त्याच्या सुरक्षिततेची किंमत कोणी मोजायची? आपल्याकडे ती सरळ पोपटाकडून वसूल केली जाते. पंख त्याचे जातात, आपला फक्त फोटो होतो. माझं म्हणणं एवढंच आहे, की ही किंमत माणसाने मोजायची असते: वेळ देऊन, सराव करून, आणि वेळप्रसंगी पक्ष्याला घरीच ठेवून.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. आपला हिरवा पोपट, म्हणजे मिठू किंवा राघू, या चर्चेतच नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो पाळणं गुन्हा आहे. आजोबांच्या घरी पिंजरा होता वगैरे आठवणी गोड असल्या तरी गुन्हा तो गुन्हाच. मी बोलतोय ते परदेशी जातींच्या पोपटांबद्दल: कॉनूर, कॉकाटील, आफ्रिकन ग्रे, मकाव. यातल्या बहुतेक जाती आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या 'साइट्स' कराराच्या यादीत आहेत. २०२२च्या दुरुस्तीनंतर आणि २०२४च्या नियमांनंतर अशा प्राण्यांची सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर नोंदणी करावी लागते. माझ्याकडे ग्रीन-चीक कॉनूर आहे, वजन जेमतेम ७० ग्रॅम. त्याची नोंदणी आहे. त्याचे पंखही शाबूत आहेत.

आता कात्रीकडे येऊ. पंख छाटणं म्हणजे पंखाच्या टोकाकडची लांब, उडायची पिसं अर्ध्यात कापणं. दुकानदार सांगतो, "दुखत नाही, नखं कापल्यासारखंच आहे." यातला पहिला भाग खरा आहे. पूर्ण वाढलेल्या पिसात रक्त नसतं, त्यामुळे ते कापताना वेदना होत नाही. पण नखं कापली म्हणून आपण चालायचे थांबत नाही. धोका दिसला की माणूस पळतो, पोपट उडतो. त्याच्याकडे दुसरा उपायच नाही. तो काढून घेतलेल्या पक्ष्याला आपण नेमकं जिथे धोके जास्त तिथे, उघड्यावर, घेऊन जातो आणि याला सुरक्षितता म्हणतो.

बरं, कात्री निदान तिचं काम तरी चोख करते का? तेही नाही. छाटलेला पक्षी घरात, पंख्याखाली, सोफ्यापर्यंत जेमतेम पोहोचतो म्हणून मालक निर्धास्त असतो. बाहेर वारा असतो. कॉकाटील आणि कॉनूर मुळातच हलके. घाबरून घेतलेली उडी आणि समोरून आलेली वाऱ्याची झुळूक एवढ्यावर अर्धवट छाटलेला पक्षीसुद्धा झाडाच्या फांदीपर्यंत जातो. शिवाय पिसं गळतात आणि नवी येतात. कधी किती आली हे रोज पंख उघडून बघणारा मालक मी पाहिलेला नाही. मार्चमध्ये छाटलेल्या पंखांच्या भरवशावर तुम्ही ऑक्टोबरमध्ये टेकडीवर उभे असता. आमच्या क्षेत्रात याला एक्स्पायर झालेलं सर्टिफिकेट म्हणतात आणि त्यामुळे रात्री दोनला फोन येतात.

उलट बाजूही तितकीच वाईट. नीट, पूर्ण छाटलेला पक्षी घाबरून उडी मारतो आणि दगडासारखा खाली येतो. फरशीवर छातीवर आपटला की छातीच्या हाडावरची कातडी फाटते. पुन्हा आपटला की पुन्हा फाटते. ज्या पिल्लाला उडायला शिकण्याआधीच छाटलं, त्याला तर वळणं, थांबणं, उतरणं यातलं काहीच कधी कळत नाही.

वरून खाली उतरणं हे पोपटासाठी वेगळं कौशल्य आहे. घरात वाढलेला पक्षी घाबरून चाळीस फूट उंच वडावर पोहोचतो, तिथून मालकाला बघतो, हाका मारतो आणि खाली येऊ शकत नाही. लोकांना वाटतं, याला यायचंच नाही. खरं तर त्याला येताच येत नाही.

मग सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज पडतो: 'पोपट हरवला आहे, नाव किवी, माणसाळलेला आहे, कृपया शेअर करा.' पहिल्या दिवशी चाळीस हात जोडलेले इमोजी, दुसऱ्या दिवशी दोन आणि तिसऱ्या दिवशी पाण्याच्या टँकरची चर्चा. राजाच्या पोपटाची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. तो खात नाही, पीत नाही, हलत नाही, पण मेलाय म्हणायची कोणाची छाती नाही. इथेही तसंच चालतं. उडाला असेल, कुणाला तरी सापडला असेल, रानात मजेत असेल. शेवटचा शब्द कोणीच उच्चारत नाही.

कात्रीवाल्यांवर इतकं बोलल्यावर दुसऱ्या टोकाच्या लोकांना सोडणं बरोबर होणार नाही. यांच्या रीलमध्ये पक्षी मोकळ्या मैदानावर झेप घेतो, मागे गिटार वाजते, पक्षी परत हातावर बसतो. खाली लिहिलेलं असतं, 'खरं प्रेम परत येतं.' अरे बाबा, जो परत आला त्याचंच रील बनलं. जो आला नाही त्याचं रील कोण टाकणार?

प्रेमाचा मुद्दा पोपटाच्या बाबतीत फार अपुरा आहे. त्याला तुमचा लळा असतो, यात शंका नाही. पण डोक्यावरून घारीची सावली गेली, प्रेशर कुकरसारखा ट्रकचा एअर ब्रेक सुटला, की त्याचं शरीर विचार न करता उडतं. वीस सेकंदांनी तो भानावर येतो तेव्हा खाली अनोळखी छपरं असतात. इथे लळ्याचा प्रश्नच येत नाही, त्याला परतीचा रस्ताच माहीत नसतो.

हे किती अवघड आहे, याचं एक उदाहरण अमेरिकेतलं आहे. ॲरिझोना राज्यात एकेकाळी थिक-बिल्ड पॅरट नावाचे पोपट दिसायचे. ते परत यावेत म्हणून १९८६ ते १९९३ या काळात शास्त्रज्ञांनी तिथल्या पाइनच्या जंगलात असे पोपट सोडले. काही तस्करांकडून जप्त केलेले, मूळचे रानातले होते. काही माणसांच्या देखरेखीत जन्मलेले होते. शिकारी पक्ष्यांनी बरेच टिपले आणि त्यात बंदिवासात वाढलेल्यांची अवस्था सर्वांत वाईट झाली. त्यांना थव्यात राहता येईना, आणि थवा म्हणजे पोपटाची सुरक्षा यंत्रणा. शेवटी प्रकल्प थांबला. त्या जातीच्या मूळ प्रदेशात, तज्ज्ञांच्या नजरेखाली ही गत झाली. आणि आपण दक्षिण अमेरिकेतला पक्षी तळजाईवर, घारी आणि शिक्र्यांच्या हद्दीत, 'येईल परत' म्हणून सोडतो.

मोकळं उडवणं अशक्य आहे असं मी म्हणत नाही. जगात ते नीट करणारे लोक आहेत. पण ते पिल्लू पहिल्यांदा उडायला लागतं तेव्हापासून त्याच्याबरोबर काम करतात, आधी सोप्या जागा, मग अवघड, असं टप्प्याटप्प्याने. त्यांचा तो दिनक्रम असतो. तुमच्याकडे शनिवार-रविवार असतो, त्यातला अर्धा लाँड्रीत जातो.

मग करायचं काय? बहुतेकांसाठी उत्तर अगदी नीरस आहे: कॅरियर. घट्ट कडीचा छोटा प्रवासी पिंजरा. पक्षी आत, अर्ध्या भागावर सावलीसाठी कापड, आत पाणी. त्याला ऊन मिळतं, वारा मिळतो, झाडं दिसतात. हे ऊन महत्त्वाचं आहे. पक्ष्यांना ड जीवनसत्त्व बनवायला अतिनील किरण लागतात आणि खिडकीची काच नेमके तेच अडवते, त्यामुळे काचेआडचं ऊन त्या कामाचं नाही. आफ्रिकन ग्रेमध्ये तर कॅल्शियम कमी पडण्याचा त्रास नेहमीचा आहे. पण ऊन म्हणजे मे महिन्यातली दुपार नव्हे. पक्ष्याला घाम येत नाही. चोच उघडी ठेवून धापा टाकायला लागला आणि पंख अंगापासून लांब धरले, की तो तापलाय.

दुसरा पर्याय हार्नेस, म्हणजे छातीभोवती आणि पंखांमागून जाणारे मऊ पट्टे आणि त्यांना जोडलेली दोरी. पायात साखळी अडकवणं हा प्रकार वेगळा आहे आणि तो करू नये. पक्ष्याने झेप घेतली की सगळा झटका काडीएवढ्या हाडावर येतो. हार्नेस घालायलाही जबरदस्ती चालत नाही. पक्ष्यांना आपल्यासारखं श्वासपटल नसतं. छातीचं हाड हललं तरच हवा आत-बाहेर होते. पट्टा करकचून आवळला किंवा पकडताना मुठीत छाती दाबली, तर तो गुदमरतो.

माझ्या पक्ष्याला हार्नेस घालायला सात आठवडे लागले. आधी तो नुसता पिंजऱ्याजवळ ठेवला. त्याने जवळ जाऊन चोच लावली की सूर्यफुलाची एक बी. मग फासातून डोकं घातलं की बी. मग पट्टा पाठीवर दोन सेकंद. रोज दहा मिनिटं, स्टँडअप कॉलच्या आधी. कधी दोन पावलं मागे, की परत पहिल्यापासून. घरात हाकेला हातावर येण्याचा सराव वेगळा. हार्नेसची दोरी माझ्या मनगटाला असते, बाकाला किंवा फांदीला कधीच नाही. दर वेळी पट्टे तपासतो, कारण ज्याची चोच बदाम फोडते त्याला नायलॉन म्हणजे टाइमपास.

हार्नेस असला तरी घार झडप घालू शकते, म्हणून उघडा माळ टाळायचा आणि पक्षी अंगाजवळ ठेवायचा. कावळे जमले की निघायचं. संक्रांतीच्या आगेमागे बाहेर न्यायचंच नाही. नायलॉन मांजावर २०१७ पासून देशभर बंदी आहे आणि तरी तो झाडांना महिनोन् महिने लटकत असतो. जिथे कबुतरांची विष्ठा पडते तिथे जमिनीवर सोडायचं नाही. कॅफेत ताटलीतलं भरवायचं नाही. तुमचा ॲव्होकाडो टोस्ट पोपटाच्या जिवावर बेतू शकतो. आणि ॲक्टिव्हावर खांद्यावर पोपट बसवून फिरणाऱ्यांना काय सांगावं? हेल्मेट तरी घाला, म्हणजे ओळखू येणार नाही.

घरी बाल्कनी असेल तर ती सर्वांत चांगली जागा आहे. पण कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी पोपट कुरतडतो. स्टेनलेस स्टीलची हवी. जस्ताचा मुलामा दिलेली स्वस्त जाळी चावून त्याला विषबाधा होऊ शकते.

यावर दोन आक्षेप मी नेहमी ऐकतो. पहिला, हार्नेस ही गुलामीच नाही का? २०१५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही पक्ष्यांना आकाशात उडण्याचा हक्क असल्याचं म्हटलं होतं, मग सोडूनच द्या ना. या आक्षेपाचा मी आदर करतो. पक्षी विकत घ्यायच्या आधी तो आला, तर त्याचं उत्तर 'घेऊ नका' हेच आहे. पण जो आधीच घरात आहे, परदेशी जातीचा आहे, माणसाच्या हातात वाढला आहे, त्याला खिडकीतून सोडणं म्हणजे मुक्ती नव्हे. आपल्या अपराधभावाची किंमत त्याने जीव देऊन चुकवायची, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरा आक्षेप जास्त प्रामाणिक आहे: "एवढं सगळं कोण करत बसणार?" बरोबर आहे. बहुतेक जण करणार नाहीत. नोकरी, ट्रॅफिक, रिलीज, सगळं आहे. पण या प्रश्नाचं उत्तर कात्री नाही. एवढं करायला वेळ नसेल, तर पक्ष्याला बाहेर नेऊ नका. घरात मोठा पिंजरा, रोज काही तास खोलीभर मोकळं उडणं, बंद खिडक्या, बंद पंखा, आणि त्याच्याशी बोलणारं माणूस, हे टेकडीवरच्या फोटोपेक्षा त्याला खूप जास्त आहे. तेवढाही वेळ नसेल तर अडचण बाहेर नेण्याची नाही, पाळण्याची आहे. हे पक्षी वर्षानुवर्षं जगतात. आफ्रिकन ग्रे चाळीस-पन्नास वर्षं सहज जगू शकतो. तुमच्या होम लोनपेक्षाही जास्त.

पंख छाटून देणं ही आज अनेक दुकानांत बिलाबरोबर मिळणारी फुकट सेवा आहे, कॅरीबॅगसारखी. दुकानदार ती देतो, कारण आपण ती मागतो. ती मागणं बंद झालं तर कात्री आपोआप ड्रॉवरमध्ये जाईल. तेव्हा काउंटरपलीकडून "छाटून देऊ का?" असं विचारलं, की "नको" म्हणा. आणि त्या "नको"बरोबर येणारं काम जमणार नसेल, तर पक्ष्यालाही "नको" म्हणा.