कॉफीची पूड आणि दुकानाची पत

माल विकला जातो दुकानात. त्याची परीक्षा होते गिऱ्हाइकाच्या स्वयंपाकघरात. कॉफीच्या बाबतीत हे विशेष खरे आहे. चिकमगळूर, कोडगू येथील उत्तम दाणा आणूनही घरची कॉफी बेचव होते, अशी तक्रार बेळगावच्या पेठेत आमच्या कानी पुष्कळदा येते. आमच्या मते दोष बहुधा दाण्याचा नसून शिळेपणाचा व चुकीच्या दळणाचा असतो.

भाजलेल्या दाण्यातून कार्बन डायऑक्साइड वायू कित्येक दिवस हळूहळू बाहेर पडत असतो. दाणा दळला की तो वायू झपाट्याने निसटतो, हवेचा स्पर्श अनेक पटींनी वाढतो, सुगंध उडतो आणि पुढे तेलांश खवट होतो. अखंड दाणा हवाबंद डब्यात तीन-चार आठवडे चांगला राहतो. पुडीचा सुवास थोड्या दिवसांतच उतरतो.

दळणाचेही तसेच. पूड अतिबारीक असेल तर फिल्टरची छिद्रे बुजतात, पाणी तुंबते व अर्क कडवट उतरतो. ती फार भरड असेल तर पाणी भराभर निथळते आणि अर्क पातळ व आंबटसर होतो. आपल्या नेहमीच्या फिल्टरला मध्यम-बारीक पूड मानवते. फ्रेंच प्रेसला भरड, तर एस्प्रेसो यंत्राला अधिक बारीक. म्हणून ‘किती देऊ?’ या प्रश्नाआधी ‘कशात करणार?’ हे विचारणे दुकानदाराचे कर्तव्य होय.

इतका खटाटोप कशाला, तयार पाकिटे आहेतच, असे काही बंधू म्हणतील. परंतु पाकीट गिऱ्हाइकाला प्रश्न विचारू शकत नाही. मोठ्या कंपन्यांशी जाहिरातीत आपण टिकणार नाही. ताजेपणात व आपुलकीत मात्र खात्रीने टिकू.

चिकोरीविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. मिश्रणात किमान ५१ टक्के कॉफी असावी व प्रमाण पाकिटावर छापावे, असा नियम आहे. चिकोरीने रंग व दाटपणा येतो आणि ती आवडणारे गिऱ्हाईक पुष्कळ आहे. त्यात गैर काही नाही. शिळी पूड झाकण्यासाठी तिचा आधार घेणे मात्र गैर आहे.

तेव्हा आमची सूचना एवढीच : दाणे थोडे थोडे भाजून आणावेत, गिऱ्हाइकासमोर दळावेत, चक्की रोज पुसावी आणि पुडीवर भाजणीची तारीख लिहावी. जुना माल उरल्यास तो जुना म्हणून कमी भावाने विकावा. त्यात चार पैसे कमी मिळतील, पण तेच गिऱ्हाईक पुढच्या आठवड्यात परत येईल.