संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी



‘मोठ्या दवाखान्यात नेऊ नका, तिथे आपल्यावर प्रयोग करतात’ हे वाक्य पाथरी, मानवत, जिंतूर, गंगाखेड, कुठेही ऐकायला मिळते. परभणीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले, आपल्या घरातल्या मुली नर्सिंग आणि एमबीबीएसला जाऊ लागल्या, तरी ही भीती गेलेली नाही. तिच्यात थोडे तथ्यही आहे, त्याबद्दल पुढे बोलू. पण उपचारासाठी नांदेड, छत्रपती संभाजीनगर, मुंबई किंवा हैदराबादला गेलेल्या कुणाही समोर ‘क्लिनिकल ट्रायल’चे कागद येऊ शकतात. तेव्हा घाबरून उठून जाणे आणि न वाचता अंगठा लावणे, दोन्ही नुकसानीचे.

परभणीच्या शेतकऱ्याला ट्रायल समजावणे सोपे आहे, कारण वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे प्लॉट त्याने पाहिलेले असतात. ‘परभणी क्रांती’ भेंडीसारखे वाण तपासल्याशिवाय शेतकऱ्याच्या हाती येत नाही. शेताचे लहान तुकडे पाडून काहींत नवे वाण लावतात, काहींत जुने, आणि कुठे काय लावायचे हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवतात. असे केले नाही तर चांगली काळी जमीन नव्या वाणाला आणि बांधाकडची मुरमाड जागा जुन्याला मिळेल, आणि नवे वाण फुकटच जिंकेल. चिठ्ठीची ही पद्धत इंग्लंडमध्ये रोनाल्ड फिशर यांनी शेतीच्या प्रयोगांसाठीच रूढ केली. तीच पुढे रुग्णालयात आली. 1948 मध्ये क्षयरोगावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी प्रसिद्ध झाली. 55 रुग्णांना औषध आणि विश्रांती, 52 जणांना फक्त विश्रांती. सहा महिन्यांत पहिल्या गटात 4 मृत्यू, दुसऱ्यात 14.

तुलनेचा विचार मात्र त्याहून हजार वर्षे जुना आहे. बगदादचे मोठे हकीम अबू बक्र अल-राझी यांनी सरसामच्या काही रुग्णांचे रक्त काढले आणि काहींचे मुद्दाम काढले नाही, फरक कळावा म्हणून. त्यांनी चिठ्ठ्या टाकल्या नव्हत्या, म्हणून आजच्या कसोटीवर ती चाचणी अपुरी ठरेल. पण ‘मला वाटते’ म्हणून थांबायचे नाही, ताडून पाहायचे, ही समज त्यांच्यापाशी होती.

ताडून न पाहिल्यास काय होते, ते आपण कोरोनात भोगले. 2020 मध्ये हायड्रॉक्सीक्लोरोक्विनच्या गोळ्यांसाठी मेडिकलवर रांगा लागल्या होत्या. ब्रिटनमध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाने ‘रिकव्हरी’ नावाची मोठी चाचणी चालवली, तिच्यात या गोळ्यांनी रुग्णालयात दाखल झालेल्यांचे मृत्यू कमी होत नाहीत असे दिसले. त्याच चाचणीत जून 2020 मध्ये डेक्सामेथासोन हे जुने, अगदी स्वस्त औषध उपयोगी ठरले. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू साधारण एक तृतीयांशाने आणि ऑक्सिजनवरच्या रुग्णांचे एक पंचमांशाने घटले. काही रुपयांच्या औषधावर चाचणीचा खर्च करण्यात कोणत्या कंपनीला रस असणार? अशा कामासाठी विद्यापीठे आणि सरकारी संस्था लागतात.

आता आपल्या मराठवाड्यातले उदाहरण. ते परभणीपासून दोनच जिल्हे पलीकडचे, पण आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नाही. त्यावेळच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यात 1999 मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर चाचणी सुरू झाली. मुंबईचे टाटा मेमोरियल, बार्शीचे नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी ती मिळून केली. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 निरोगी बायका तिच्यात होत्या. गावांचे 52 गट करून ते चार भागांत वाटले. एका भागात एचपीव्ही विषाणूची तपासणी, दुसऱ्यात पॅप चाचणी, तिसऱ्यात व्हिनेगरसारखे पातळ द्रावण लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणे. चौथ्या भागात नेहमीची व्यवस्था, म्हणजे माहिती दिली पण तपासणीची मोहीम नाही.

आठ वर्षांनी हिशेब मांडला. एचपीव्ही गटातल्या 34,126 बायकांपैकी 34 जणींचा या कर्करोगाने मृत्यू झाला होता. तपासणी न झालेल्या 31,488 पैकी 64 जणींचा. वर्तमानपत्रात हे ‘मृत्यू निम्म्यावर’ असे छापून येते. ते खरे आहे, पण घरी समजून घेताना असे म्हणावे: दहा हजार बायकांमागे तपासणीशिवाय साधारण 20 मृत्यू, आयुष्यात एकदा तपासणी झाली तर 10. कोणत्याही औषधाची ‘निम्मे’, ‘दुप्पट’ अशी जाहिरात दिसली की हाच प्रश्न विचारा, किती जणांमागे किती?

बाकीच्या दोन पद्धतींचा एकदाच तपासून ठळक फायदा दिसला नाही. मात्र मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियलने केलेल्या दुसऱ्या चाचणीत हीच द्रावणाची तपासणी दर दोन वर्षांनी, चार वेळा केली, तेव्हा मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाले. तपासणी करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका होत्या. म्हणून एका चाचणीचा निकाल शेवटचा मानू नये.

आणि आता ती खटकणारी गोष्ट. चौथ्या गटातल्या 31,488 बायकांना तपासणीविना ठेवणे योग्य होते का? संशोधकांचे म्हणणे असे की त्या काळी भारतात खेड्यातल्या बाईला तपासणी मिळतच नव्हती, म्हणून कुणाकडून काही काढून घेतले नाही. टीकाकार डॉक्टर म्हणाले, श्रीमंत देशांत अनेक दशके वापरात असलेली तपासणी जीव वाचवते हे माहीत असताना इतक्या बायकांना नुसते पाहत राहणे बरोबर नव्हे. मला टीकाकारांचे म्हणणे अधिक पटते. ‘इथे काहीच मिळत नाही’ ही गरिबाची अडचण आहे, तिला चाचणीचा आधार बनवणे जड जाते. पण त्या बायकांमुळेच एकदा केलेली एचपीव्ही तपासणीही जीव वाचवते हे जगाला कळले, हेही नाकारता येणार नाही. 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हीच तपासणी पहिल्या पसंतीची ठरवली.

आपल्या देशात चाचण्यांतल्या गैरप्रकारांवर 2012 पासून सर्वोच्च न्यायालयात खटला चालला, नियम कडक झाले, आणि 2019 मध्ये ‘नवीन औषधे व क्लिनिकल चाचण्या नियम’ आले. त्यातून तुम्हाला काय मिळते ते सांगतो.

संमती ज्याच्या शरीरावर चाचणी, त्याची. शौहरने सही केली म्हणून बीबीची संमती होत नाही, आणि मुलाने केली म्हणून अम्मीची होत नाही. घरात सल्लामसलत जरूर करा, त्यासाठी वेळ मागा, तो द्यावाच लागतो. माहितीपत्रक समजेल त्या भाषेत हवे, मराठी म्हणा की उर्दू. वाचता येत नसेल तर दवाखान्याशी संबंध नसलेला साक्षीदार सगळे समजावून होईपर्यंत हजर हवा, आणि त्याचीही सही हवी. कागदाची एक प्रत तुमची, ती रिपोर्टच्या फाइलमध्ये ठेवा. मध्येच नको वाटले तर कारण न सांगता बाहेर पडता येते, त्यामुळे नेहमीचा उपचार थांबवता येत नाही. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई मिळते.

प्रत्येक चाचणी आधी एथिक्स कमिटीपुढे जाते. तिच्यात किमान सात सदस्य, निम्मे तरी त्या संस्थेबाहेरचे, एक कायदेतज्ज्ञ, एक स्त्री आणि एक साधा नागरिक असावा लागतो. धर्मशास्त्राचा जाणकारही तिच्यात बसू शकतो. तेव्हा ‘कॅप्सूल कशाची बनली आहे?’ असे विचारताना संकोच नको. रमजान जवळ असेल तर तेही आधीच सांगा, गोळ्यांच्या वेळा सहरी-इफ्तारला बसतात का ते पाहता येते. न सांगता स्वतःच्या मनाने डोस चुकवला तर तुमचेही नुकसान आणि चाचणीचाही निकाल बिघडतो.

चाचणीची नोंद भारताच्या नोंदवहीत, सीटीआरआयमध्ये, असणे 2009 पासून सक्तीचे आहे. नोंदणी क्रमांक मागून घ्या. घरातल्या शिकलेल्या मुलामुलींना तो इंटरनेटवर फुकट तपासता येतो: कोण करते आहे, पैसा कुणाचा, किती जण घेणार. क्रमांक सांगायला टाळाटाळ होत असेल तर सही करू नका. चाचणीत येण्यासाठी तुमच्याकडूनच पैसे मागितले, तर उठून घरी या.

ज्या तपासणीसाठी धाराशिवच्या बायका आठ वर्षे पाहिल्या गेल्या, तिची जुनी बहीण, द्रावणाची तपासणी, सरकारी कार्यक्रमात 30 ते 65 वयाच्या बायकांसाठी दर पाच वर्षांनी ठेवली आहे. सेलू असो, पालम असो की पूर्णा, जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात ती कोणत्या दिवशी होते हे आशाताईंना विचारा. तपासणारी बाईच असावी, पडदा असावा, असे सांगायला लाजू नका. तपासणीला पाच-दहा मिनिटे पुरतात.