जनुकांचा स्वार्थ आणि बियाण्याची खोती

स्वार्थ हाच सृष्टीचा नियम असल्याचे आता विज्ञानानेच सिद्ध केले आहे, असे बाजारपेठेचे स्तुतिपाठक मोठ्या आत्मविश्वासाने सांगत असतात. १९७६ साली रिचर्ड डॉकिन्स यांचा ‘द सेल्फिश जीन’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि या युक्तिवादाला एक भारदस्त शीर्षक लाभले. ग्रंथाच्या आत काय लिहिले आहे हे पाहण्याची तसदी मात्र फार थोड्यांनी घेतली. उलटपक्षी, जनुकांचे नाव निघाले की त्यात भांडवलशाहीचा कावा शोधण्याची खोड पुरोगामी वर्तुळातही कमी नाही. ही खोड निरुपद्रवी नाही. निसर्गाला पक्षशिस्त लावण्याचा उद्योग सोव्हिएत रशियात लिसेंकोने करून पाहिला. जगभरची बियाणी गोळा करणारे थोर शास्त्रज्ञ वाविलोव १९४३ साली सारातोवच्या तुरुंगात अन्नावाचून मेले, ते त्याच काळात. स्वार्थी जनुके आहेत. ती नाहीत असे म्हणून समाजवादाचे काही भले होणार नाही. प्रश्न आहे तो त्यांच्या अस्तित्वावरून कोण कोणता निष्कर्ष काढतो हा, आणि त्याचे उत्तर रत्नागिरीच्या भातखाचरात जितके स्पष्ट दिसते तितके वादविवादाच्या व्यासपीठावर दिसत नाही.

भाताच्या प्रत्येक पेशीत वारशाची प्रमुख दोन दप्तरे असतात. मोठे दप्तर केंद्रकात. ते मातेकडून आणि पित्याकडून निम्मे निम्मे येते. दुसरे दप्तर अगदी लहान. ते तंतुकणिकांत, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरविणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांत असते आणि केवळ मातेकडून, बीजांडातून पुढे जाते. परागकणातून त्याला पुढच्या पिढीत वाट नाही. तेव्हा तंतुकणिकेच्या हिशेबाने पराग ही निव्वळ उधळपट्टी होय. तिच्यातील एखाद्या जनुकाने परागच मारून टाकला आणि वाचलेले बळ थोडे अधिक बी धरण्यास लागले, तर ते जनुक पसरते. मग रोप अर्धे वांझ झाले तरी त्याला त्याचे सोयरसुतक नसते. केंद्रकातील जनुकांचे मात्र यात सरळ नुकसान आहे, कारण त्यांचा अर्धा वारसा परागातूनच जातो. म्हणून हा घात निष्प्रभ करणारी जनुके केंद्रकात निवडली जातात. त्यांना पुनःस्थापक जनुके म्हणतात.

हा झगडा काल्पनिक नाही. नोव्हेंबर १९७० मध्ये चीनच्या हैनान बेटावर युआन लाँगपिंग यांच्या सहकाऱ्यांना परागहीन असे एक रानभाताचे रोप सापडले. त्या वांझपणास कारण असलेले तंतुकणिकेतील जनुक चिनी शास्त्रज्ञांनी २०१३ साली निश्चित केले. तंतुकणिकेच्याच वारशातील तुकडे इकडून तिकडून जुळून ते बनलेले आहे. त्याच्या प्रथिनामुळे परागकोशातील पोषक थराच्या पेशी अकाली मरतात आणि पराग उपाशी राहतो. त्याला आवर घालणारी केंद्रकातील जनुके एका अवाढव्य कुळातील आहेत. भातात या कुळाचे चारशेहून अधिक सभासद आहेत, आणि त्यांच्यातील पुनःस्थापकांची शाखा विशेष वेगाने बदलत आली आहे. इकडे नवा घात, तिकडे नवा बंदोबस्त, असा हा उत्क्रांतीचा व्यवहार लक्षावधी वर्षे चालला आहे. कधी कधी घुसखोरालाच कामाला जुंपले जाते. मानवी वारशाचा सुमारे ४५ टक्के भाग उड्या मारणाऱ्या जनुकीय घटकांनी आणि त्यांच्या अवशेषांनी व्यापलेला आहे. त्यांतच मोडणाऱ्या एका प्राचीन विषाणूच्या जनुकावाचून मातेच्या उदरातील वार नीट घडत नाही. एग्बर्ट ली या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९७१ साली जनुकसंचाला संसदेची उपमा दिली होती: प्रत्येक सभासद आपलाच लाभ पाहतो, परंतु एकाची दंडेली बाकी सर्वांना जाचक होते आणि संख्याबळाने ते तिला आळा घालतात. स्वार्थाचे गोडवे गाणारे ही दुसरी बाजू सोयीस्करपणे गाळतात. अर्थात संसदेच्या उपमेतून समाजवाद सिद्ध होतो असे मानणेही तितकेच भाबडेपणाचे ठरेल.

आता खाचराकडे. हैनानच्या त्या वांझ रोपाचा वारसा फिलिपाईन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या एका मादी वाणात आला. तो वाण घेऊन दापोलीच्या कोकण कृषि विद्यापीठाच्या कर्जत केंद्राने ‘सह्याद्री’ हा संकरित भात तयार केला आणि १९९८ साली तो प्रसारित झाला. भाताचे फूल स्वतःच्याच परागाने फळते, म्हणून संकर करणे अवघड. मादी ओळ मुळातच परागहीन असेल तर शेजारच्या नर ओळीचा पराग तिच्यावर पडतो, आणि संकरित बी मिळते. नर ओळीत पुनःस्थापक जनुक असल्याने शेतकऱ्याच्या शेतातील पीक पुन्हा सुफल होते. निसर्गातील एका भांडणाचे दोन्ही पक्ष अशा रीतीने माणसाने कामाला लावले. हे सार्वजनिक पैशावर चाललेल्या संशोधनाचे यश आहे आणि ते मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे.

पण शिरगावच्या केंद्रातून आलेले ‘रत्नागिरी-१’ किंवा ‘रत्नागिरी-२४’ हे सरळ वाण आणि संकरित भात यांत एक भेद आहे. सरळ वाणाच्या चांगल्या लोंब्या निवडून शेतकरीण बी कणगीत ठेवते आणि पुढच्या रोहिणीत तेच पेरते. संकरित भाताचे बी राखून पेरले तर पीक एकसारखे येत नाही, काही रोपांत ते परागघातक जनुक पुन्हा बेलगाम होते आणि लोंब्या पोचट राहतात. बियाण्यासाठी दरवर्षी दुकानाची पायरी चढणे भाग पडते. २००१ च्या पीकवाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने बी राखण्याचा, पेरण्याचा, देवघेवीचा आणि छापील नाममुद्रेवाचून विकण्याचा हक्क शेतकऱ्याला दिला आहे. मात्र बीच पुन्हा नीट उगवून फळणार नसेल तर त्या हक्काचे काय करायचे, याचे उत्तर कायद्यात नाही.

शेतकरी आणि जमीन यांच्यामध्ये कोणी बसला की काय होते, हे रत्नागिरी जिल्ह्याला सांगावे लागत नाही. १९३७ साली डॉ. आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले, १० जानेवारी १९३८ रोजी शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला, आणि १९४९ च्या कायद्याने खोत गेला. आता शेतकरी आणि पेरणी यांच्यामध्ये जो बसेल तो जनुकांच्या नियमाने बसणार नाही. मादी ओळ कोणाच्या ताब्यात, यावर ते ठरेल; आणि हा सर्वस्वी राजकारणाचा प्रश्न आहे.

एक धोका आणखी आहे. अमेरिकेत १९७० साली मक्याच्या सुमारे ८५ टक्के क्षेत्रावर एकाच प्रकारच्या परागहीन मादीचा वारसा होता. तिच्या तंतुकणिकेतील ज्या जनुकाने पराग मारला, त्यानेच करपा आणणाऱ्या बुरशीच्या विषालाही दार उघडून दिले. त्या एका हंगामात देशाचे सुमारे १५ टक्के पीक गेले. भारतातील बहुतेक संकरित भात आज हैनानच्या त्या एकाच वारशावर उभा आहे. त्यावर असे संकट आलेले नाही. पण वारशाचे दुसरे प्रकार शोधून जोपासण्याचे काम नफ्याच्या हिशेबात बसत नाही, ते विद्यापीठांनीच करायचे आहे आणि त्यासाठी त्यांना पैसा हवा.

दापोलीकडे कार्यकर्त्यांनी मागणी करावी ती नेमकी असावी. मादी, तिची राखणदार आणि नर या तिन्ही ओळी सार्वजनिक मालकीत राहाव्यात आणि संकरित बी तयार करण्याचे काम गावच्या सहकारी संस्थांकडे द्यावे. यात एक अडचण आहे. बीजोत्पादनाच्या शेतापासून किमान शंभर मीटरांत त्याच वेळी फुलणारे दुसरे भात चालत नाही, आणि कोकणातील खाचरे गुंठ्या-गुंठ्यांची, बांधाला बांध लागून. एकट्या शेतकऱ्याला हे कधीच जमणार नाही, कारण शेजाऱ्याचा पराग त्याच्या मादी ओळीवर पडणारच. सगळ्या वाडीने एकाच वेळी तरवा टाकला, एकच नर वाण लावला आणि फुलोऱ्याच्या दिवसांत सकाळी दोर ओढून पराग हलवायला घराघरातून माणूस दिला, तर मात्र जमते. रोहिणीच्या आत वाडीच्या बैठका घ्यायच्या तर त्याची तयारी माघ-फाल्गुनातच सुरू करावी लागेल.