काठीच्या म्हाताऱ्याचे मूत्रपिंड स्वस्त आहे काय?

होळीच्या रात्री सातपुड्यातील काठी गावी हजारो माणसे लोटतात. मोटारी घाट चढतात, कॅमेरे चढतात, पुढारीही चढतात. त्याच घाटाने दर महिन्याच्या ठरलेल्या दिवशी सोनोग्राफीचे यंत्रही चढलेच पाहिजे, ही मागणी आता ठणकावून करावयास हवी.

साठीच्या घरातील जवळजवळ निम्म्या पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी वाढलेली असते. धार बारीक होते, रात्री वारंवार उठावे लागते, मूत्राशय पुरते रिकामे होत नाही. ‘वय झाले, चालायचेच’ म्हणून म्हातारा गप्प बसतो. परंतु तुंबलेल्या लघवीचा दाब मागे मूत्रपिंडांवर येतो आणि काहींची मूत्रपिंडे निमूटपणे निकामी होतात.

सुई न टोचता, पोटावरून काही मिनिटांत सोनोग्राफी तीन गोष्टी दाखवते: ग्रंथीचे आकारमान, लघवीनंतर मूत्राशयात उरलेले मूत्र आणि मूत्रपिंडांची सूज. यांतील शेवटच्या दोन अधिक मोलाच्या. कारण ग्रंथी मोठी म्हणजे त्रास मोठा, असे नसते. सरसकट प्रत्येक वृद्धाला यंत्रासमोर निजवा, असे कोणी म्हणत नाही. आधी विचारपूस, बोटाने तपासणी आणि लघवीची तपासणी. पण ज्याची लघवी तुंबते त्याला टॅम्सुलोसिनची गोळी पुरेल, फिनास्टेराइड द्यावे की शस्त्रक्रिया करावी, हे अंदाजाने ठरवणे म्हणजे गरिबाच्या देहाशी खेळणे होय.

यावर कायद्याकडे बोट दाखवले जाईल. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने 1988 साली आणि केंद्राने 1994 साली कायदा केला. तो आवश्यकच आहे. तो तसूभरही सैल होता कामा नये. मात्र इतर आरोग्यसेवा देणाऱ्या नोंदणीकृत फिरत्या वैद्यकीय पथकात असे यंत्र ठेवण्यास नियमांची मुभा आहे. तेव्हा अडचण कायद्याची नसून इच्छेची आहे.

दुसरी सबब पैशाची. ऑक्टोबर 2024 मध्ये केंद्राने सत्तरीपुढील सर्वांना आयुष्मान योजनेत घेतले. पाच लाखांपर्यंतचे उपचार मोफत. पण ते रुग्णालयात दाखल होणाऱ्याला! बाह्यरुग्ण म्हणून करावयाच्या तपासणीला आणि रोजच्या गोळीला त्यात स्थान नाही. म्हणजे खाटेवर पडलेल्यासाठी तिजोरी उघडी आणि खाटेवर पडू नये म्हणून धडपडणाऱ्यासाठी बंद. हे कोणते अर्थशास्त्र? 2011 च्या जनगणनेनुसार सुमारे 69 टक्के आदिवासी असलेल्या या जिल्ह्यातून कितीतरी तरुण ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात. म्हाताऱ्याला डोंगराखाली न्यायचे तर सोबत्याची मजुरी बुडते. ती कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही.

पैशाअभावी कोणी उपचारांवाचून राहू नये, हे भोर समितीने 1946 सालीच बजावले होते. म्हणून ठरलेला दिवस, यंत्र, ते वाचणारा डॉक्टर, भिली बोलणारा पुरुष कार्यकर्ता आणि दवाखान्यात मोफत गोळ्या, एवढे शासनाने दिलेच पाहिजे. ही दया नव्हे. आयुष्यभर राबलेल्या माणसाचे ते थकलेले देणे आहे.