गाडी कुठे बदलायची?

कोणाला पत्त्यांचे वेड असते, कोणाला नाटकांचे. आमच्या रविवारच्या बैठकीला गाड्यांचे वेड आहे. कोणी परगावी निघाले असे कळले की इतर घरांत "कशासाठी?" असे विचारतात, आमच्याकडे "कोणत्या गाडीने?" असे विचारतात, आणि उत्तर मिळताच त्याहून चांगली गाडी सुचवितात. बैठकीत बँकेतून निवृत्त झालेले एक स्नेही असतात. त्यांच्या खिशात अजूनही छापील वेळापत्रक सापडते. भूगोल शिकविण्यात हयात घालविलेल्या एक बाई असतात. नकाशा पुढ्यात आल्यावाचून त्या कोणाचेच म्हणणे मान्य करीत नाहीत. आणि आमचा पुतण्या असतो. त्याला सारे काही हातातल्या फोनवर दिसते, त्यामुळे त्याच्यावर सर्वांचाच थोडासा राग असतो.

या वेडाचा जगाला काही उपयोग आहे, असा आमचा दावा कधीच नव्हता. गेल्या महिन्यात मात्र बैठकीपुढे एक खराखुरा प्रश्न आला, आणि तो घेऊन आल्या काचीगुड्याच्या आमच्या आत्याबाई.

आत्याबाईंचे वय अठ्ठ्याहत्तर. घर काचीगुड्याला, लेक मियापूरला. म्हणजे एक शहराच्या या टोकाला तर दुसरा त्या टोकाला. गेल्या पावसाळ्यात पायरीवरून घसरून त्यांचा घोटा दुखावला. तेव्हापासून लेकाने एकच धोशा लावला, "आई, आता इकडेच राहायला ये." लेक गुणी आहे, सूनही मायेची आहे. पण आत्याबाईंचे उत्तर ठरलेले, "मला तुझ्याकडे येता येते, तोवर मी राहायला येणार नाही. भेटायला येईन." यावर लेकाने एकदा विचारले, "एकटी कशी येशील?" आणि आत्याबाई तो प्रश्न जसाच्या तसा आमच्या पुढ्यात टाकून चहाची वाट पाहत बसल्या.

त्यांच्या घराचे भवितव्यच आता गाडीच्या मार्गावर अवलंबून होते. बाईंनी नकाशा पसरला.

वाचकांपैकी जे इंदूर-बडोद्याकडचे आहेत, त्यांच्यासाठी थोडे सांगावयास हवे. हैदराबादेची मेट्रो २०१७ च्या नोव्हेंबरात सुरू झाली आणि २०२० च्या फेब्रुवारीत तिचा तिसरा मार्ग उघडला. सुमारे ६९ किलोमीटरचे रूळ आणि ५७ स्टेशने. कलकत्त्याची मेट्रो १९८४ मध्ये भुईखालून निघाली, त्यामुळे मेट्रो म्हणजे भुयार अशी पुष्कळांची समजूत आहे. आमची मात्र सारीच्या सारी खांबांवर उभी आहे. लाल मार्ग मियापूरहून एल. बी. नगरला जातो, निळा नागोलहून रायदुर्गला, आणि हिरवा जुबिली बस स्टेशनपासून महात्मा गांधी बस स्टेशनापर्यंत. लाल आणि निळा अमीरपेटला भेटतात, निळा आणि हिरवा परेड ग्राउंडला, हिरवा आणि लाल महात्मा गांधी बस स्टेशनला. प्रत्येक मार्ग उरलेल्या दोघांना एकदा आणि एकदाच भेटतो. परिणाम असा की, या ५७ स्टेशनांपैकी कोठूनही कोठेही जा, गाडी एकापेक्षा अधिक वेळा बदलावी लागत नाही. हे ज्या दिवशी प्रथम ध्यानात आले, त्या दिवशी आमच्या बैठकीत दुसऱ्यांदा चहा झाला होता.

पण एवढ्या नेटक्या नकाशातही काचीगुडा बसत नाही. त्या नावाचे मेट्रो स्टेशन नाही. मग कोणते जवळचे, यावरून वाद सुरू झाला.

बाई म्हणाल्या, सुलतान बाजार. हिरव्या मार्गाचे हे स्टेशन आपल्या मंडळींच्या परिचयाचे. याच बाजारातून रूळ नेण्यास व्यापाऱ्यांचा पुष्कळ विरोध झाला होता. जुनी दुकाने जातील, बाजाराचा चेहरा जाईल अशी भीती होती. आज त्याच स्टेशनावर उतरून कोठीच्या बाजूला पुस्तके बदलायला जाणारी माणसे आम्हांला भेटतात. तेव्हा बाईंचा मार्ग असा: सुलतान बाजारला चढावे, पुढच्याच महात्मा गांधी बस स्टेशनला उतरावे आणि लाल गाडीने थेट मियापूर गाठावे.

"म्हणजे जायचे वर आणि आधी उतरायचे खाली?" आत्याबाईंनी नकाशावर बोट ठेवून विचारले. शंका रास्त होती. एक स्टेशन दक्षिणेला जाऊन मग वायव्येकडे वळायचे, हे गाडीवेड्यांना मौजेचे वाटते. ज्याच्या घोट्यात कळ आहे त्याला वाटत नाही.

बँकवाल्या स्नेह्यांनी दुसरा मार्ग काढला. कोठीला उस्मानिया मेडिकल कॉलेज नावाचे स्टेशन आहे आणि ते लाल मार्गावरच आहे. तिथवर रिक्षा करावी, मग मियापूरपर्यंत गाडी बदलणेच नाही. पाऊण तासाच्या आत पोहोचाल, असे त्यांनी घड्याळ पाहून सांगितले, जणू गाडी बाहेर उभीच होती.

पुतण्याने तिसरा मार्ग सुचविला: नारायणगुड्याहून परेड ग्राउंड, तिथून निळ्या गाडीने अमीरपेट, तिथून लाल. गाडी दोनदा बदलायची. "पण आजी, सगळे शहर बघायला मिळते!" या मार्गाला त्याचे स्वतःचे एकच मत पडले.

आत्याबाईंनी सर्वांचे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "मला किलोमीटर नकोत, मिनिटेही नकोत. कुठे कुठे उठायचे आणि किती चढायचे तेवढे सांगा."

बैठक थोडा वेळ गप्प झाली. इतकी वर्षे आम्ही मार्ग मोजले ते अंतराने, वेळेने, फार तर तिकिटाच्या पैशांनी. उठण्या-बसण्याने मार्ग मोजावा, हे कोणाला सुचले नव्हते.

मग त्यांनीच विचारले, "आणि आमच्या स्टेशनावरून काही जात नाही का?"

'आमचे स्टेशन' म्हणजे काचीगुड्याचे. निजामाची रेल्वे १८७४ मध्ये वाडीहून सिकंदराबादला आली; घुमटांची ही काचीगुड्याची इमारत १९१६ ची. मनमाडहून औरंगाबाद, परभणी, नांदेड करीत येणारी मीटरगेज गाडी काचीगुड्याला टेकत असे. मराठवाडा तेव्हा याच राज्यात होता. कोर्टकचेरीसाठी, उस्मानिया विद्यापीठात शिकण्यासाठी, नोकरीसाठी येणाऱ्या कित्येक मराठी घरांनी हैदराबाद प्रथम पाहिले ते या स्टेशनाच्या पायऱ्यांवरून. आत्याबाईही परभणीहून नवी नवरी म्हणून इथेच उतरल्या. मीटरगेज पुढे टप्प्याटप्प्याने रुंद झाली, गाड्यांची नावे बदलली, पण आत्याबाईंच्या लेखी ते स्टेशन 'आमचे' ते आमचेच.

आणि तिथून गाडी जाते! २००३ च्या ऑगस्टपासून याच जुन्या रुळांवरून शहरातल्या शहरात धावणारी एमएमटीएस आहे. फलकनुम्याहून निघून याकुतपुरा, मलकपेट, काचीगुडा, सिकंदराबाद, बेगमपेट करीत ती लिंगमपल्लीला जाते. गाडीवेडे तिला एफएल म्हणतात, आणि उलट येणारीला एलएफ. लिंगमपल्लीच्या अलीकडे हाफिजपेट लागते. तिथून मियापूर जवळ, लेक घ्यायला येऊ शकतो. मेट्रोपेक्षा वेळ अधिक आणि गाड्या विरळ. एक चुकली तर दुसरीची वाट पाहण्यात दुपार जाईल. पण तिकीट थोडक्या रुपयांचे, आणि मुख्य म्हणजे काचीगुड्याला जे बसायचे ते हाफिजपेटलाच उठायचे.

"मग एवढा वेळ काय बोलत होता?" आत्याबाई म्हणाल्या.

त्या गुरुवारी आम्ही त्यांच्याबरोबर गेलो. सोबत म्हणून नव्हे, 'तुम्हांला आवड आहे म्हणून चला' अशा बोलीवर. फलाटावर एका गृहस्थांनी आम्हांला विचारले, "भाई, लिंगमपल्ली जाती क्या ये?" आम्ही तोंड उघडण्याआधी आत्याबाईंनीच उत्तर दिले, "जाती, जाती. बैठो." खिडकीची जागा मिळाली. आर्ट्स कॉलेज स्टेशन आले तेव्हा यजमानांच्या विद्यार्थिदशेच्या दोन गोष्टी झाल्या, हुसेनसागराच्या बाजूने जाताना तिसरी झाली. तासाहून थोडा अधिक वेळ लागला. हाफिजपेटला नातवाने आजीची पिशवी घेतली आणि विचारले, "आजी, दमलीस?" आजी म्हणाली, "बसून कोणी दमते का रे?"

आता आमच्या फजितीचे सांगायला हवे, नाहीतर हे सदर अपुरे राहील. आत्याबाईंना पोहोचवून आम्हांला हायटेक सिटीत एका परिचितांकडे जायचे होते. ते म्हणाले होते, "हायटेक सिटी स्टेशनाच्या समोरच." आम्ही एमएमटीएसच्या हायटेक सिटी स्टेशनावर उतरलो आणि समोर पाहू लागलो. त्यांचे घर मेट्रोच्या हायटेक सिटी स्टेशनासमोर. नाव एकच, स्टेशने दोन, आणि मधले अंतर पायी जाण्याजोगे नाही. वीस वर्षे गाड्यांवर बोलणाऱ्याने एवढेही पाहू नये, याबद्दल बैठकीत आमचा यथोचित सत्कार झाला. चूक आमची, हे मान्य. पण त्या भर उन्हात, रिक्षाची वाट पाहताना एक विचार मनात आला तो वाचकांपुढे ठेवतो.

एमएमटीएस या आद्याक्षरांतला 'मल्टी-मोडल' हा शब्द निरनिराळ्या वाहनांची सांगड घालण्याचे वचन देतो. मलकपेटला ते वचन पाळलेले दिसते: रेल्वेचे आणि मेट्रोचे स्टेशन शेजारी शेजारी. भरतनगर, खैरताबाद, लकडी का पूल येथेही उतरून चढता येते. पण रूळ वेगळे, रुंदी वेगळी, तिकीट वेगळे, आणि एका गाडीने दुसरीची वाट पाहावी असे वेळापत्रकही नाही. मेट्रोत आपापसांत गाडी एकदाच बदलावी लागते, याचे आम्ही एवढे कौतुक करतो. पण शहर म्हणजे काही केवळ मेट्रो नव्हे. कोणतीही सेवा वेगाने ओळखली जाते, तरी ती उपयोगी पडते ती तिच्या जोडांमुळे. अंगरख्याचे कापड कितीही भारी असो, शिवण उसवली की तो घालता येत नाही.

आणि एका ठिकाणी तर कापडच अपुरे पडले आहे. हिरवा मार्ग मूळ आराखड्यात फलकनुम्यापर्यंत जायचा होता. तो महात्मा गांधी बस स्टेशनला, मुसीच्या पात्रालगत येऊन थांबला, आणि ज्या जुन्या शहरामुळे हैदराबादला हैदराबाद म्हणतात तेच नकाशाबाहेर राहिले. २०२४ च्या ८ मार्चला त्या उरलेल्या साडेपाच किलोमीटरांची पायाभरणी झाली. पुढे मार्ग चांद्रायणगुट्ट्यापर्यंत, साडेसात किलोमीटरांचा करण्याचे ठरले. रस्त्याकडेच्या घरांना, दुकानांना नुकसानभरपाई देण्यास २०२५ च्या जानेवारीत आरंभ झाला. ज्यांची पिढीजात दुकाने जाणार, त्यांचे दुःख सुलतान बाजाराने पाहिलेले आहे, त्यामुळे रुळांच्या उत्साहात ते आम्ही विसरू नये, असे बाई वारंवार बजावतात. तरीही याकुतपुऱ्याच्या माणसाने मेट्रो गाठण्यासाठी आधी एमएमटीएसची वाट पाहावी आणि मलकपेटला उतरावे, हा शहाण्यांचा मार्ग झाला, सर्वांचा नव्हे.

आत्याबाई चार दिवस मियापूरला राहिल्या. परत येताना एमएमटीएसची वेळ जुळेना, तेव्हा त्या एकट्या लाल गाडीत बसून उस्मानिया मेडिकल कॉलेजला उतरल्या, सरकत्या जिन्याला नमस्कार करून लिफ्टने खाली आल्या आणि रिक्षा करून घरी पोहोचल्या. रात्री लेकाला फोन केला, "पोहोचले." लेकाने राहायला येण्याचा विषय त्या दिवशी काढला नाही.

पुढच्या रविवारी त्या पुन्हा बैठकीला हजर. बँकवाल्यांना वाटले, आभार मानायला आल्या असतील. आत्याबाईंनी नकाशा स्वतःकडे ओढला.

"शालीबंड्याला माझी मैत्रीण आहे. लग्न होऊन दोघी एकाच वर्षी या शहरात आलो. तीन वर्षांत भेट नाही. तिला जिना उतरवत नाही, मला गर्दीत चालवत नाही. तिथे तुमची मेट्रो कधी जाणार?"

बाईंनी सांगितले, नियोजित स्टेशनांत सालारजंग म्युझियम, चारमिनार आणि शालीबंडा ही नावे आहेत. पुतण्या फोनवर काम कुठवर आले ते शोधू लागला.

"मी अठ्ठ्याहत्तरची, ती एक्क्याऐंशीची," आत्याबाई म्हणाल्या. "एवढे लक्षात ठेवून काय ते करा म्हणावे."

कोणाला म्हणावे, ते आम्हांला कळेना. आपल्या मासिकातून म्हणून ठेवतो. तोवर पुढच्या गुरुवारी आत्याबाईंना घेऊन याकुतपुऱ्यापर्यंत एफएल-एलएफच्या जुन्या रुळांनी आणि तिथून पुढे रिक्षाने जावयाचे ठरले आहे. उठायचे एकदाच आहे.