बेडकाचं अंडं आणि गावोगावची तपासणी

मृगाचा पाऊस लागला की सिंधुदुर्गातल्या कातळसड्यांवर डबकी भरतात आणि त्यांत बेडकांची अंडी तरंगू लागतात. पारदर्शक, बुळबुळीत गोळा आणि आत मोहरीएवढे काळे ठिपके. ओरोसच्या शाळकरी पोरांना हे नवं नाही. पण पेशीच्या विभाजनाबद्दल जगाला जे कळलं, त्यातलं बरंच काही अशाच अंड्यांतून कळलं, हे त्यांना कुणी तरी सांगायला हवं.

प्रयोगशाळेतल्या आफ्रिकी नखी बेडकाच्या एका अंड्याच्या सुमारे सात तासांत चार हजार पेशी होतात. प्रत्येक विभाजनाआधी सगळ्या डीएनएची प्रत निघते, आणि ती एकदाच. हा हिशेब ठेवतं कोण?

केंब्रिजमध्ये ज्युलियन ब्लो आणि रॉन लास्की यांनी 1988 साली याच बेडकाच्या अंड्यांच्या अर्कावर प्रयोग करून मांडलं, की प्रत काढायला डीएनएला परवाना लागतो आणि तो एकदा वापरला की संपतो. पुढे या परवान्यामागची प्रथिनं सापडली. ओआरसी हा सहा प्रथिनांचा संच डीएनएवर जागा धरतो. सीडीसी6 आणि सीडीटी1 यांच्या मदतीने तिथे एमसीएम प्रथिनांची कडी बसतात. नारळी पौर्णिमेआधी मालवणच्या किनाऱ्यावर होड्या सज्ज होऊन उभ्या असतात, तशी ही कडी थांबून राहतात. इशारा मिळाला की ती डीएनएचे धागे उलगडत निघतात. त्यानंतर मात्र नवं कडं चढत नाही, कारण जेमिनिन नावाचं प्रथिन सीडीटी1ला धरून ठेवतं.

गर्भाशयमुखाच्या पेशीत एचपीव्ही विषाणू ठाण मांडून बसला की हीच शिस्त मोडू शकते. त्याचं ई7 प्रथिन पेशीचा एक मोठा लगाम निकामी करतं. मग एमसीएमसारखी प्रथिनं गरज नसतानाही तयार होत राहतात. निरोगी आवरणाच्या वरच्या थरातल्या पेशींनी विभाजन थांबवलेलं असतं, त्यामुळे तिथे ही प्रथिनं जवळपास नसतात. लास्की यांच्या गटाने 1998 साली नेमका हाच फरक पकडला: काचपट्टीवर या प्रथिनांना रंग दिला की बिघडलेल्या पेशी उठून दिसतात.

आता याच विषाणूमुळे होणाऱ्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबद्दल आपल्याकडचं. उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, 1999 पासून 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रियांच्या तपासणीचा अभ्यास झाला. टाटा स्मारक आणि बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय त्यात होतं. 2009 साली निष्कर्ष आला: ज्या गटाची एकदाच एचपीव्ही चाचणी झाली, त्यात या कर्करोगाचे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या जवळपास निम्मे होते. मराठवाड्यातल्या शेतकरी, मजूर बायकांनी जगाला दिलेला हा पुरावा आहे, आणि तो आपल्याच राज्यात कपाटात राहता कामा नये.

ओरोसला 2021 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याने पुढाकार घेऊन प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात एचपीव्ही चाचणीची सोय करावी. या चाचणीचा नमुना बाईला स्वतःलाही घेता येतो. तपासणीच्या टेबलावर झोपायच्या संकोचाने मागे राहणारी भातलावणीतली किंवा मासळीबाजारातली बाई त्यामुळे पुढे येऊ शकते. आशाताईंकडे गावातल्या तिशीपुढच्या प्रत्येक बाईचं नाव असावं, आणि अहवाल वाईट आला तर पुढचे उपचार कुठे, कोणत्या दिवशी, हे त्याच कागदावर लिहिलेलं असावं.